बिल्डर म्हणतो डीपीचे, म्हणजे कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरचे, पैसे तुम्ही भरा. भरायचे का?

पत्र इंदूरजवळच्या राऊच्या पुढच्या एका छोट्या कॉलनीतून आलंय. ताईंनी स्वतःचं आणि कॉलनीचं नाव छापू नका म्हटलंय, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देतो:

“दादा, आमची कॉलनी ३४ प्लॉटची. रेरा नंबर आहे, टीएनसीपीचा (नगर नियोजन खात्याचा) नकाशा आहे, सगळं बघून २०२१ ला रजिस्ट्री केली. तेव्हा बिल्डर म्हणाला होता पर्मनंट मीटर तीन महिन्यात. आज १९ घरं बांधून झालीत आणि सगळी अजून बिल्डरच्या बांधकामाच्या टेम्पररी कनेक्शनवरच चालू आहेत. प्रत्येकाला सबमीटर लावून दिलाय, युनिटला १३ रुपये, चौकीदार येऊन रोख घेऊन जातो, पावती नाही. संध्याकाळी सातनंतर व्होल्टेज १६५-१७० वर येतं, मिस्टरांनी मीटर लावून बघितलंय. मागच्या मे महिन्यात केबल जळली, दोन दिवस अंधार, फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. घरात सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन आहे, त्या रात्री कशा काढल्या ते आमचं आम्हाला माहीत. आता बिल्डरनं ग्रुपवर मेसेज टाकलाय की ६३ केव्हीएची डीपी बसवतोय, प्रत्येक घरानं ४५ हजार द्या, १५ दिवसात मीटर लागतील. सात जण तयार पण झालेत. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, कटकट मिटेल. तुम्ही सांगा, देऊ का?”

ताई, आत्ता देऊ नका. कधीच देऊ नका असं मी म्हणत नाहीये, पुढे कदाचित थोडेफार भरायची वेळ येईलही, पण या मेसेजवर, बिल्डरच्या हातात, कागद न बघता एक रुपया नाही. कारण सांगतो, जरा लांबण लागेल पण वाचा, कारण मी तीस वर्षं लायसन्सवर कॉलन्यांच्या लाइनी टाकायचं काम केलंय आणि तुमच्यासारखी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुम्हाला सगळ्यांना वाटतंय की अडलंय ते मीटर. मीटर अडलेलं नाहीये. मीटर ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अडलंय ते कॉलनीचं विद्युतीकरण, म्हणजे अख्ख्या ३४ प्लॉटचा लोड काढून बिजली कंपनीकडे अर्ज करायचा, कंपनी जागा बघून एस्टिमेट मंजूर करते, त्यात ११ केव्हीची लाइन कुठून येणार, डीपी किती केव्हीएची आणि कुठे बसणार, खंबे किती, एबी केबल (खांबांवरून जाणारी इन्सुलेटेड केबल) किती मीटर, सगळं लिहिलेलं असतं. मग बिल्डर एकतर पूर्ण पैसे कंपनीत भरून काम करून घेतो किंवा सुपरव्हिजन चार्ज (कंपनीच्या देखरेखीची फी) भरून ए क्लास लायसन्सवाल्या ठेकेदाराकडून स्वतः करून घेतो, इंदूरमध्ये बहुतेक जण हा दुसरा रस्ता घेतात. काम झालं की तपासणी, चार्जिंगची म्हणजे लाइनमध्ये वीज सोडायची परवानगी, लाइन चार्ज, आणि मग ती सगळी लाइन-डीपी कंपनीच्या ताब्यात. हे झाल्यावर तुमचा प्रत्येकाचा अर्ज, रजिस्ट्री, आधार, घराच्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, सिक्युरिटी डिपॉझिट, आणि मीटर. या साखळीत तुमच्या बिल्डरची फाइल नेमकी कुठे थांबलीय हे १९ घरांपैकी कोणाला तरी माहीत आहे का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. पैशाचा विचार करायच्या आधी हेच शोधायचंय.

कारण तीन-चार शक्यता आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. एस्टिमेट मंजूरच झालं नसेल तर “१५ दिवसात मीटर” हे शब्द बिल्डर कशाच्या जोरावर लिहितोय? मंजूर होऊन पैसे न भरल्यामुळे पडून असेल तर मंजुरीची मुदत संपली का ते बघायला लागेल. आणि एस्टिमेट जर २०० केव्हीएचं झालेलं असेल आणि हा ६३ ची डीपी आणून उभी करत असेल तर ती कंपनी चार्जच करणार नाही, तुमचे पैसे गेले ते गेले.

आता या ६३ कडे बघू, कारण खरी मेख इथे आहे. साधा हिशेब आहे, मिस्टरांना दाखवा. ६३ केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर (केव्हीएतले प्रत्यक्ष कामाचे किलोवॅट किती, ते प्रमाण) ०.९ धरला तर साधारण ५६-५७ किलोवॅट. भागिले ३४ प्लॉट, म्हणजे एका घराच्या वाट्याला जेमतेम पावणेदोन किलोवॅट. एक गीझर एकटा दोन किलोवॅटचा असतो! दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. हो, सगळी घरं एकाच वेळी सगळं चालवत नाहीत, त्याची सूट असतेच, पण इंदूरच्या मे महिन्यात रात्री दहा वाजता एसी आणि कूलर सगळ्या घरात एकदमच चालू असतात. त्यात बोअरची मोटर, रस्त्यावरचे दिवे. घरटी चार किलोवॅट धरा, फार नाही म्हणणार कोणी, तर ३४ घरांचे १३६, वर मोटर-दिवे धरून १४५ च्या घरात, केव्हीएमध्ये १६० च्या वर. नियमाप्रमाणे प्लॉटच्या साइझवरून लोड कसा धरायचा याचा कंपनीचा स्वतःचा तक्ता असतो, आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण तो काढताना रिकामे प्लॉटसुद्धा धरतात, फक्त बांधलेली १९ घरं नाही. बाजारात डीपीची मापं २५, ६३, १००, २००, ३१५ अशी असतात. तुमच्या हिशेबाला २०० लागते आणि तो ६३ म्हणतोय. का म्हणतोय ते उघड आहे, ६३ स्वस्त पडते. आणि स्वस्त डीपीचे पैसे १९ घरांकडून घेऊन ती बसली तर उरलेले १५ प्लॉट, ज्यातले काही अजून त्याचे स्वतःचे असतील, ते त्याच डीपीवर येणार, म्हणजे तुमच्या पैशातून त्याचे प्लॉट “लाईटवाले” होऊन विकले जाणार. तीन वर्षांनी २५ घरं झाली की परत हेच व्होल्टेज, परत जळणं, आणि मग मोठ्या डीपीसाठी कोणाकडे जाणार?

१९ गुणिले ४५ हजार म्हणजे ८ लाख ५५ हजार होतात. हा आकडा कुठल्या एस्टिमेटमधून आला? त्याला विचारा. फक्त एवढंच विचारा, “एस्टिमेट नंबर आणि मंजुरीची तारीख द्या.” ग्रुपवर विचारा, सगळ्यांसमोर.

आता खर्च कोणाचा. ताई, हा खर्च बिल्डरचा आहे, यात काही धूसर नाही. कॉलनीचं विद्युतीकरण कॉलनी टाकणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं करायचं असतं, विकास अनुज्ञा (कॉलनी टाकायची परवानगी) देताना जी विकासकामं लिहून घेतात त्यात रस्ता, पाणी, ड्रेनेज यांच्याबरोबर वीज असते. रेराच्या २०१६ च्या कायद्यात तर प्रकल्पासाठी लागणाऱ्या बाहेरच्या कामांच्या व्याख्येत वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि सबस्टेशन हे शब्दच आहेत. त्याच कायद्याचं कलम १९ वाचा, त्यात लिहिलंय की प्लॉट घेणाऱ्याला पाणी, सॅनिटेशन आणि विजेची सोय कोणत्या टप्प्यात कधी पूर्ण होणार ते जाणून घ्यायचा हक्क आहे. आणि प्लॉटच्या किमतीत विकासखर्च धरलेला असतो, म्हणजे तुम्ही हे पैसे २०२१ मध्ये एकदा भरून बसला आहात. रजिस्ट्री आणि त्याच्या आधीचा करार काढा, ब्रोशर काढा, “विद्युतीकरण”, “डेव्हलपमेंट चार्ज” असे शब्द शोधा, पेन्सिलनं खुणा करा. करारात कुठे “वीज कनेक्शनचा खर्च खरेदीदाराचा” असं असेल तर घाबरू नका, त्याचा साधा अर्थ तुमच्या घराचं मीटर, डिपॉझिट आणि सर्व्हिस वायर, कॉलनीची डीपी नाही.

अजून एक गोष्ट, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. आपल्या मध्यप्रदेशात कॉलनीची विकास परवानगी देताना साधारणपणे २५ टक्के प्लॉट बंधक, म्हणजे गहाण, ठेवून घेतात, विकासकामं पूर्ण होईपर्यंत बिल्डरला ते विकता येत नाहीत. हे ठेवतातच याचसाठी की बिल्डरनं काम अर्धवट सोडलं तर त्या प्लॉटच्या पैशातून ते पूर्ण करता यावं. तुमच्याकडे ३४ चे २५ टक्के म्हणजे आठ-नऊ प्लॉट. ते कोणते आहेत, अजून बंधक आहेत का सोडवून घेतलेत, आणि सोडवले असतील तर वीज नसताना काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कशावरून मिळालं, हे सगळं परवानगी देणाऱ्या ऑफिसात कळतं. हद्द नगर परिषदेची आहे का पंचायतीची, त्यावर ऑफिस बदलतं. राऊच्या पुढे हद्दीचा घोळ असतो त्यामुळे आधी विकास अनुज्ञेवर सही कोणाची आहे ते बघा आणि तिथेच जा. बंधक प्लॉट शिल्लक असतील तर तुमची बाजू खूपच भक्कम आहे आणि बिल्डरला ते चांगलं ठाऊक असतं.

करायचं काय ते सांगतो. सगळ्यात आधी रहवासी संघ. नुसता ग्रुप नाही, रजिस्टर केलेला, १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली सात माणसांत होतो. एकेकटा माणूस बिजली कंपनीच्या झोन ऑफिसवर गेला की त्याला एकेकट्याचं उत्तर मिळतं, आणि बिल्डर सात जणांना वेगळं आणि बारा जणांना वेगळं सांगत राहतो, तुमच्याकडे ते सुरू झालेलंच आहे. संघाच्या लेटरहेडवर एक अर्ज तुमच्या भागाच्या झोन ऑफिसला आणि एक वर कार्यपालन यंत्र्यांना (एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरना). त्यात एवढंच विचारायचं की या कॉलनीच्या बाह्य विद्युतीकरणाचा अर्ज आलाय का, कधी, किती लोडचा, एस्टिमेट मंजूर आहे का, असेल तर प्रत द्या, आणि पैसे किंवा काम काय बाकी आहे. पावतीचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलवरून उठायचं नाही. तोंडी उत्तर मिळालं आणि कागद नाही मिळाला तर माहितीचा अधिकार लावा, दहा रुपये फी, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. मी तर म्हणेन की दोन्ही एकाच दिवशी द्या, महिना वाचतो. त्याच वेळी कोणीतरी घरबसल्या रेराच्या वेबसाइटवर तुमच्या प्रोजेक्टचं पान उघडा, बिल्डरला दर तिमाहीला प्रगती भरावी लागते, विजेच्या कामासमोर त्यानं काय भरलंय ते बघा आणि प्रिंट काढा. “१०० टक्के पूर्ण” असं भरलेलं असेल आणि तुम्ही सबमीटरवर बसला असाल तर यापेक्षा चांगला पुरावा नाही.

मग बिल्डरला एक पत्र, रजिस्टर्ड पोस्टानं. भांडणाची भाषा नको. आम्ही अमुक घरं इतकी वर्षं टेम्पररीवर आहोत, मंजूर लोडप्रमाणे डीपी आणि लाइनचं काम तुमच्या खर्चानं करून कंपनीला हस्तांतरित करा, किती दिवसात करता ते १५ दिवसांत लेखी कळवा. बस. बरेचदा एवढ्यावर हलतात हो, कारण पुढचं पत्र रेराचं असणार हे त्यांना समजतं. नाही हलला तर भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार, ऑनलाइन होते, संघाच्या नावानं करा. मागणी स्पष्ट लिहा, नुसतं “न्याय मिळावा” नाही, तर एस्टिमेटप्रमाणे काम अमुक दिवसात पूर्ण करा, झालेलं नुकसान, आणि बंधक प्लॉटमधून काम करून घ्यायची वेळ आली तर ते करायचे निर्देश.

लोक मला विचारतात की थेट बिजली कंपनीवरच तक्रार का करायची नाही, कायद्यात एक महिन्यात कनेक्शन द्यायचं लिहिलंय ना, उशिराला रोजचा हजार रुपयांपर्यंत दंड आहे ना. आहे, २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४३ मध्ये आहे. पण त्याच कलमात हेही आहे की लाइन वाढवायची किंवा सबस्टेशन उभं करायचं असेल तर ते झाल्यावर किंवा आयोगानं ठरवलेल्या मुदतीत. तुमच्या कॉलनीत लाइनच नाही, म्हणून आज कंपनीवर बोट दाखवून उपयोग नाही. हां, उद्या काम पूर्ण झालं, लाइन चार्ज झाली आणि तुमच्या घरचं मीटर तरी लटकलं, तेव्हा हे कलम तुमचं, तेव्हा आधी कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण फोरम आणि तिथे नाही झालं तर भोपाळचे विद्युत लोकपाल. फोरममध्ये वकील लागत नाही.

आता मिस्टरांच्या बाजूनं बोलतो, कारण ते चुकीचं काही म्हणत नाहीयेत. घरात ऑक्सिजनचं मशीन असताना माणूस “देऊन टाकू” म्हणणारच. रेराला वेळ लागतो हे खरं आहे. समजा सगळं बघून तुम्ही १९ घरांनी ठरवलं की आत्ता आपण पैसे घालू आणि नंतर वसूल करू, तर तेही करता येतं, फक्त असं करा. पैसे बिल्डरला नाही, संघाच्या बँक खात्यात, आणि तिथून कंपनीच्या डिमांड नोटवर (पैसे भरायच्या मागणीपत्रावर) थेट कंपनीत, किंवा मंजूर एस्टिमेट हातात घेऊन ए क्लास ठेकेदाराला, बिल घेऊन, टप्प्याटप्प्यानं, शेवटचा हप्ता लाइन चार्ज झाल्यावर. बिल्डरकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की ही रक्कम तुम्ही त्याच्या वतीनं भरताय आणि त्याला परत द्यायचीय. लिहून देत नसेल तर भरताना संघाकडून नोटीस पाठवा की हक्क राखून भरत आहोत. आणि वाटा ३४ नं पाडा, १९ नं नाही, रिकाम्या प्लॉटवाल्यांनाही पत्र लिहा, त्यांच्याही प्लॉटची किंमत यानंच वाढणार आहे.

अनेक वर्षांपूर्वी मी ज्या एका कॉलनीचं काम बघितलं तिथे रहिवाशांनी रोख गोळा करून दिले होते, पावती नाही. बिल्डरनं जुनी, कुठूनतरी काढलेली डीपी आणून उभी केली. तपासणीत नापास. तो म्हणाला पैसे संपले. मी तिथे दुसरी डीपी बसवायला गेलो तेव्हा त्या लोकांनी पुन्हा गोळा केले, आणि एक पेन्शनर आजोबा दोन्ही वेळचे पैसे वहीत लिहून घेऊन बसले होते. ती वही मला अजून आठवते. म्हणून हे इतकं लांबवून लिहितोय.

डीपी कंपनीच्या ताब्यात जाणं का महत्त्वाचं आहे तेही ऐका. पैसे कोणीही भरलेले असोत, हस्तांतरण झालं की ती लाइन आणि डीपी कंपनीची मालमत्ता होते, जळली तर बदलायची जबाबदारी कंपनीची, तुम्ही १९१२ ला फोन करायचा. हस्तांतरण झालं नाही तर प्रत्येक वेळी तुमचीच वर्गणी. त्यामुळे “चार्ज झाली” यावर थांबू नका, हस्तांतरणाचा कागद संघाच्या फाइलमध्ये पाहिजे.

एक फाटा अजून आहे. बिल्डर मधेच म्हणू शकतो की वेगवेगळी मीटरं कशाला, आपण सोसायटीचं एकच मोठं कनेक्शन घेऊ आणि आत सबमीटर चालू ठेवू. ऐकायला सोपं वाटतं. छोट्या प्लॉटच्या कॉलनीला माझा सल्ला, नको. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२४ मध्ये बदल झालाय, त्याप्रमाणे एकच कनेक्शन हवं का प्रत्येकाचं वेगळं यावर वितरण कंपनीनं मालकांचं मतदान घ्यायचं आणि निम्म्याहून जास्त मालकांनी वेगळी मागितली तर वेगळी द्यायची. तुमच्या खिशाचा हिशेब बघा ना, स्वतःच्या नावाचं घरगुती मीटर असलं आणि महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर अटल गृह ज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयात पडतात, समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख नंबर) जोडलेला पाहिजे. आज तुम्ही त्याच १०० युनिटचे १३०० देताय. पीएम सूर्यघरमधून छतावर तीन किलोवॅट सोलर लावलं तर ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, तीही स्वतःच्या घरगुती कनेक्शनशिवाय नाही. बोअर आणि रस्त्यावरचे दिवे यांचं तेवढं संघाच्या नावानं वेगळं कनेक्शन घ्या.

आणि तो १३ रुपयांचा दर. बांधकामासाठी घेतलेली टेम्पररी वीज घरांना विकणं हे नियमात बसत नाही, कारवाई झाली तर दुप्पट दरानं आकारणी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर होते, पण लाईट तुमची जाते. म्हणून आज कोणी रागात जाऊन तिथे धाड घालायला लावू नका, सासूबाईंचं मशीन त्याच तारेवर आहे. फक्त या महिन्यापासून रोख बंद, यूपीआयनं द्या आणि “अमुक महिन्याची वीज, इतके युनिट” असं लिहून पाठवा. आपोआप पुरावा तयार होतो.

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त काय असेल तर ती केबल. मिस्टरांनी फोटो पाठवलाय, त्यावर १६ एमएम अॅल्युमिनियम लिहिलंय आणि गेटपासून तुमच्या टोकापर्यंत साधारण २५० मीटर अंतर आहे म्हणतात. अशा केबलवर एका फेजला ६० अँपिअर ओढले तर जाऊन-येऊन जवळजवळ ५७ व्होल्ट त्या तारेतच जातात. २३० मधून ५७ गेले की १७३ उरतात, हेच तुमचं सातनंतरचं व्होल्टेज. नियमानं २३० च्या वरखाली सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला पाहिजे. बरं, ६० अँपिअर ही त्या केबलची जवळजवळ हद्दच आहे, म्हणजे मे महिन्यात ती परत जळू शकते. आणि जळण्यापेक्षाही वाईट म्हणजे न्यूट्रल (परतीची तार) सुटणं. तीन फेजच्या लाइनमध्ये न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की एका घरात १०० व्होल्ट आणि शेजारच्या घरात साडेतीनशे-चारशे येऊ शकतात. टीव्ही-फ्रिज सोडा, आग लागते.

म्हणून हे काम फाइलची वाट न बघता याच आठवड्यात करा, सगळ्या १९ घरांनी मिळून, फार खर्च नाही. लायसन्स असलेला वायरमन बोलवा, गेटच्या बॉक्समधला आणि प्रत्येक जोडावरचा न्यूट्रल उघडून, साफ करून, लग लावून घट्ट करून घ्या. कोणतं घर कोणत्या फेजवर आहे ते कागदावर लिहा, माझा अंदाज आहे की दहा-बारा घरं एकाच फेजवर निघतील, ती सहा-सहा-सात अशी वाटून घेतलीत तर व्होल्टेज त्याच रात्री सुधारलेलं दिसेल. जमिनीवर पडलेली केबल पावसाच्या आधी उचलून खंब्यावर घ्या, मुलं खेळतात तिथे. घरोघरी स्वतःचं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच), आणि कमी-जास्त व्होल्टेजला आपोआप बंद होणारं प्रोटेक्टर. सात ते अकरा गीझर आणि मोटर बंद, बोअर दुपारी चालवा, हे ग्रुपवर ठरवून टाका.

सासूबाईंच्या मशीनसाठी वेगळं. साइन वेव्ह इन्व्हर्टर, त्यावर फक्त मशीन, एक पंखा आणि एक दिवा, बाकी काही नाही. घरगुती मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट घेतं, मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बॅटरी किती तास चालेल ते लाईट बंद करून एकदा खरंच मोजून बघा. आणि एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर रेग्युलेटरसकट घरात ठेवाच, त्यांच्या डॉक्टरांना विचारून फ्लो किती ठेवायचा ते लिहून सिलिंडरला चिकटवा. झोनला अर्ज देताना या मशीनचा उल्लेख करा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा.

ज्या सात जणांनी होकार दिलाय त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याही घरी उकाडाच आहे. वरचा ६३ भागिले ३४ चा हिशेब तेवढा दाखवा आणि म्हणा की एस्टिमेटची प्रत येईपर्यंत थांबू. ती प्रत आली की लोड, डीपीचं माप आणि मंजुरीची तारीख या तीन गोष्टींचा फोटो मला पाठवा, पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते त्यावरून सांगतो.